सायबर सिक्युरिटीचं बी.टेक. की साधं कॉम्प्युटर सायन्स? इंदूरच्या एका आईच्या प्रश्नाला उत्तर

राजेंद्रनगरच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी यंदा बारावी झाली, जेईई मेनची रँक बेताची आहे. समोर तीन वाटा आहेत. एका खासगी विद्यापीठात ‘कॉम्प्युटर सायन्स विथ सायबर सिक्युरिटी’, डीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या) काउन्सेलिंगमधून जुन्या कॉलेजात नुसतं कॉम्प्युटर सायन्स किंवा आयटी, आणि पुण्याच्या मामाच्या सल्ल्याप्रमाणे बीसीए करून वर सर्टिफिकेशन. मुलीला सायबर सिक्युरिटीच करायचंय, पण गणिताची धास्ती आहे. चार वर्षं शिकवतात तरी काय, पुढे काम कसलं असतं, मुलीच्या जातीला ते जमेल का, आणि लॅपटॉप कोणता घ्यावा?

ताई, मी सायबर सिक्युरिटीतच काम करते. आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तिन्हींत मी जुन्या कॉलेजातल्या साध्या कॉम्प्युटर सायन्सकडे झुकते. आयटी मिळालं तरी हरकत नाही. पण खासगी विद्यापीठाची स्कीम, म्हणजे सेमिस्टरवार विषयांची यादी, हातात घेऊन एक गोष्ट तपासलीत तर माझं मत उलटूही शकतं. सायबर सिक्युरिटीचे कोणते विषय घातलेत ते माहितीपत्रकात ठळक छापलेलं असतं. त्यांना जागा करायला कोणते विषय काढले, ते कुणी छापत नाही. ते तुम्ही शोधा.

हिशेब साधा आहे. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांच्या बी.टेक.ला १६० च्या आसपास क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचं वजन मोजायची एककं, असतात. पहिलं वर्ष सगळ्या शाखांचं जवळपास सारखंच: गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, ड्रॉइंग, वर्कशॉप, थोडं प्रोग्रॅमिंग. साध्या कॉम्प्युटर सायन्सच्या मुलाला सायबर सिक्युरिटीत ऑनर्स किंवा मायनर घ्यायचं असेल तर १८ ते २० क्रेडिट जादा करावे लागतात. म्हणजे आठव्या हिश्श्याएवढा अभ्यास वाढतो, पण खालचं काही जात नाही. स्पेशलायझेशनच्या डिग्रीत मात्र हे सगळं त्या १६० च्या आतच बसवायचं असतं. मग कुठे कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) हा विषय गळतो, कुठे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. कुठे ऑपरेटिंग सिस्टिम आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर एकाच पेपरात कोंबतात. काही ठिकाणी हे कापकूप विचारपूर्वक केलेलं असतं, नाही असं नाही. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, अल्गोरिदम आणि डिस्क्रीट मॅथ्स (संच, तर्क, आलेखांचं गणित) हे पाचही पूर्ण वजनाने, प्रॅक्टिकलसकट शाबूत दिसतील. तसं दिसलं तर खासगी विद्यापीठाला माझी ना नाही. यातलं एकही अर्धवट दिसलं तर डिग्रीवर काहीही छापलेलं असो, फी भरू नका.

एवढा आग्रह का, ते उदाहरणानेच सांगते.

२ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने एक प्रोग्रॅम सोडला आणि त्या काळच्या इंटरनेटवरची हजारो मशीन ठप्प झाली. आत शिरायच्या त्याच्या वाटांपैकी एक अशी होती: युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर मशीनच्या युजरची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेत येणारी ओळ साठवायला ५१२ बाइटची जागा राखलेली होती, आणि ओळ वाचायला सी भाषेतलं ‘गेट्स’ हे फंक्शन वापरलेलं होतं. हे फंक्शन लांबी विचारतच नाही, येईल तेवढं लिहीत सुटतं. मॉरिसच्या प्रोग्रॅमने ५३६ बाइट पाठवले. वरचे बाइट शेजारच्या मेमरीत सांडले. फंक्शन संपल्यावर कुठे परत जायचं तो पत्ता तिथेच लिहिलेला असतो. तो बदलला, आणि मशीन पाहुण्याने आणलेला कोड चालवू लागलं.

आता बघा, हे समजायला काय काय लागतं. ॲरे मेमरीत कसा बसतो, ते सी मध्ये. स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या कामापुरत्या मेमरीत, परतीचा पत्ता कुठे असतो, ते आर्किटेक्चर आणि कंपायलरमध्ये. ती सेवा कोणत्या युजरच्या हक्काने चालत होती, ते ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. बाहेरून ती ओळ आली कशी, ते नेटवर्कमध्ये. पाच विषय, आणि नावात ‘सिक्युरिटी’ असलेला एकही नाही. सिक्युरिटीच्या पेपरात याला ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणून दीड पान मिळतं. खालचे पाच विषय पक्के असतील तर ते दीड पान वाचताना मुलीचे डोळे चमकतील. नसतील तर ती व्याख्या पाठ करेल.

आणि हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. ते ‘गेट्स’ फंक्शन सी भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयातून २०११ च्या आवृत्तीत कुठे काढलं गेलं, म्हणजे मॉरिसनंतर २३ वर्षांनी. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा दोष सापडला, तोही याच कुळातला. ओपनएसएसएल या वेबवरच्या सुरक्षित जोडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये समोरचा म्हणेल ती लांबी खरी धरली जात होती आणि एका विनंतीला ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी परत पाठवली जात होती, मग तिच्यात पासवर्ड असोत की सर्व्हरची खासगी किल्ली. हल्ली पहिल्या वर्षात सी ऐवजी थेट पायथन शिकवायची टूम आहे. पायथन चांगलंच आहे, आमचं निम्मं काम त्यात चालतं. पण सिक्युरिटीत जाणाऱ्या मुलीने एक सेमिस्टर तरी सी मध्ये पॉइंटरशी, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांशी, झगडलेलं असावं, या मतावर मी अडून बसते.

मी नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेते तेव्हा हल्ला-तपासणीच्या टूलची नावं विचारत नाही. ती सगळ्यांना पाठ असतात: काली, एनमॅप, मेटास्प्लॉइट, बर्प सूट. मी विचारते, ब्राउझरमध्ये बँकेचा पत्ता टाकून एंटर दाबलंस, पान दिसेपर्यंत मधे काय काय होतं? यावर पंधरा मिनिटं बोलणारं पोर मी घेते, मग कॉलेज कुठलंही असो. डीएनएसने नावाचा आयपी पत्ता शोधणं, टीसीपीचा तीन टप्प्यांचा हँडशेक, टीएलएस या सुरक्षित जोडणीत सर्टिफिकेटची तपासणी, एचटीटीपीची विनंती, सर्व्हरवर सेशन ओळखणं, डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी. यातल्या प्रत्येक पायरीवर आजवर कुणी ना कुणी हल्ला चढवलेला आहे.

हँडशेकचंच घ्या. क्लायंट ‘सिन’ पाठवतो, सर्व्हर ‘सिन-ॲक’ पाठवून तिसऱ्या निरोपाची वाट बघतो, आणि वाट बघताना त्या अर्ध्या जोडणीची नोंद मेमरीत ठेवतो. हे १९८१ च्या टीसीपीच्या दस्तऐवजात आहे, पाचव्या सेमिस्टरच्या पेपरात हमखास येतं, आणि मुलं बाणांची आकृती काढून पाच मार्क घेतात. पण तिसरा निरोप आलाच नाही तर? हजारो खोट्या पत्त्यांवरून नुसते ‘सिन’च येत राहिले तर? सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट सेवेचं नेमकं हेच झालं. नोंदींची जागा भरली आणि खऱ्या ग्राहकांना दार बंद. त्याच वर्षी डॅनियल बर्नस्टीन यांनी तोड सुचवली: नोंद ठेवायचीच नाही. लागणारी माहिती सर्व्हरने आपल्या उत्तरातल्या सिक्वेन्स नंबरमध्येच गुप्तपणे गुंफायची, आणि तिसरा निरोप आला तर तो आकडा तपासून जोडणी उभी करायची. याला सिन कुकी म्हणतात, लिनक्समध्ये ती आजही आहे. नेटवर्कच्या सरांनी वर्गात हे सांगितलं असेल, तर त्या कॉलेजात वेगळा सिक्युरिटीचा विषय नसला तरी मला चालेल.

डेटाबेसचं थोडक्यात. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे पानावरच्या चौकटीत मजकूर टाकून डेटाबेसला भलताच हुकूम देणं, १९९८ पासून लोकांना ठाऊक आहे, उपायही ठाऊक आहे: युजरने दिलेला मजकूर आणि क्वेरी एकत्र चिकटवायच्या नाहीत, पॅरामीटर म्हणून वेगळा द्यायचा. तरीही कॉलेजच्या मायनर प्रोजेक्टांत लॉगिनचं पान बघाल तर स्ट्रिंगा अधिकच्या चिन्हाने जोडलेल्याच सापडतात. मी बाह्य परीक्षक म्हणून जाते तिथे युजरनेमच्या चौकटीत एकच अवतरणचिन्ह टाकून बघते. एरर आली की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. (मार्क कापत नाही. दुरुस्त करून दाखवायला लावते.)

आता गणिताची धास्ती. बारावीत ज्याची धास्ती बसते ते बहुतेक इंटिग्रेशन असतं. ते पहिल्या वर्षी गणित एक आणि दोनमध्ये पुन्हा येईल, पास व्हावं लागेल, आणि सिक्युरिटीत त्याची गाठ फारशी पडणार नाही. इथलं गणित वेगळ्या जातीचं आहे: संच, तर्क, आलेख, संभाव्यता, आणि बाकीचा हिशेब. घड्याळात दहानंतर पाच तासांनी पंधरा वाजत नाहीत, तीन वाजतात, तो हिशेब. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी काढलेली आरएसए पद्धत याच बाकीच्या हिशेबावर उभी आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, गुणाकारावरून त्या दोन ओळखणं महाकठीण, एवढ्या एका विषमतेवर तिची मदार. आठवीपर्यंतच्या लसावि-मसावित जिची गती बरी होती तिला हे जमतं. युक्लिडची मसाविची रीत तर जशीच्या तशी किल्ली बनवताना वापरतात.

पदवीच्या मुलांचं काय मोल, असं कुणी म्हटलं तर त्यांना २००२ सालचं कानपूर सांगा. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वेगाने ठरवण्याची रीत आयआयटी कानपूरला मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी काढली. कयाल आणि सक्सेना यांचं बी.टेक. त्याच वर्षी संपलं होतं आणि कामाची सुरुवात त्यांच्या पदवीच्या प्रोजेक्टात झाली होती. सगळ्यांनीच तिथवर जावं असं नाही. पण गणिताचे पेपर नुसते ‘क्लिअर’ करायचे असतात हा जो आपल्याकडे समज आहे, तो सिक्युरिटीवाल्यांना महागात पडतो. आता तर मोठी फेरमांडणी चालू आहे. क्वांटम संगणक पुरेसे मोठे झाले तर आरएसए मोडेल हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्याला तोंड देणाऱ्या नव्या पद्धतींची पहिली तीन मानकं जाहीर केली. त्यांचा पाया जाळी नावाच्या गणिती रचनांवर आणि हॅशवर, म्हणजे मजकुरापासून बनणाऱ्या पण उलट न फिरवता येणाऱ्या ठशावर, आहे. तुमची लेक नोकरीला लागेल तेव्हा बँका आणि सरकारी खाती जुन्या किल्ल्या बदलून नव्या बसवत असतील.

कॉलेज बघायला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवून तिसऱ्या वर्षाच्या मुलीची प्रॅक्टिकल फाइल मागा. सायबर सिक्युरिटी किंवा क्रिप्टोग्राफीच्या फाइलीत पहिला प्रयोग सीझर सायफर, दुसरा प्लेफेअर, तिसरा हिल, चौथा विजेनेर असं चाललं असेल आणि शेवटच्या पानापर्यंत तेच असेल, तर समजा की लॅब म्हणजे जुन्या गुप्तलिपींचं संग्रहालय आहे. सीझर शिकवायला वीस मिनिटं पुरतात. फाइलीत काय असावं? वायरशार्क या टूलने स्वतःच्याच मशीनची रहदारी पकडून वाचणं. पासवर्ड सॉल्ट (प्रत्येकासाठी वेगळी, आडाखा न बांधता येणारी भर) घालून हॅश करणं आणि सॉल्ट नसेल तर काय होतं ते मोडून दाखवणं. स्वतःचं सर्टिफिकेट बनवून वेब सर्व्हरला लावणं. लिनक्सवर फायरवॉलचे नियम लिहिणं. मुद्दाम कमकुवत ठेवलेल्या वेबसाइटवर हल्ला करून, मग तिचा कोड दुरुस्त करणं. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. फोडणं शिकवणारे पुष्कळ आहेत, दुरुस्ती शिकवणारे कमी.

आणखी दोन-तीन गोष्टी विचारा. सिक्युरिटी कोण शिकवतं, कायम प्राध्यापक की सेमिस्टरपुरते पाहुणे? लॅबचं नेटवर्क कॉलेजच्या नेटवर्कपासून तोडलेलं आहे का? नसेल तर खरे प्रयोग होतच नसणार, कारण कोणताही शहाणा सिस्टिम ॲडमिन ते होऊ देणार नाही. आणि लॅब वर्ग सुटल्यावर उघडी राहते का? याचं उत्तर ऑफिसात विचारू नका, बाहेर टपरीवर चहा पिणाऱ्या मुलांना विचारा.

इंदुरापुरतं सांगायचं तर आपल्याकडे पर्यायांची वानवा नाही. पार्क रोडचं एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज १९५२ पासून आहे आणि स्वायत्त आहे. डीएव्हीव्हीचं, म्हणजे देवी अहिल्या विद्यापीठाचं, आयईटी हे इंजिनिअरिंग कॉलेज खंडवा रोडवर, आणि तिथेच युनिव्हर्सिटीचे कॉम्प्युटरचे इतर विभाग. विद्यापीठाच्याच आयआयपीएस या संस्थेत बारावीनंतर थेट एमसीए, एमटेकपर्यंत जाणारे लांब पल्ल्याचे कोर्सही चालत आलेत. बी.टेक.चे प्रवेश जेईई मेनवरून डीटीईच्या काउन्सेलिंगने, युनिव्हर्सिटीच्या बऱ्याच इतर कोर्सना सीयूईटी ही प्रवेश परीक्षा. फेऱ्यांच्या तारखा आणि नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या कुणाच्या अनुभवावर विसंबू नका, वेबसाइट स्वतः बघा. मूळ निवासीचा दाखला आताच काढून ठेवा. सिमरोलची आयआयटी जेईई ॲडव्हान्स्डवाल्यांची, ती सध्या बाजूला. पण बी.टेक. झाल्यावर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन तिथे एमटेकचं दार आहेच. आणि गेटच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात सिक्युरिटी नावाचा वेगळा विभागच नाही. आहेत ते डिस्क्रीट मॅथ्स, अल्गोरिदम, आर्किटेक्चर, कंपायलर, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क. म्हणजे स्पेशलायझेशनमध्ये जे कापलं जातं, तेच.

डिग्रीवर आणि मार्कशीटवर नेमकं काय छापून येणार तेही विचारून घ्या. सरकारी आणि बँकांच्या जाहिरातींत सहसा ‘कॉम्प्युटर सायन्स किंवा आयटी’ असं असतं. त्याहून फार वेगळं नाव असलं की समकक्षतेच्या कागदांची यातायात नशिबी येऊ शकते.

मामांचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. बीसीए तीन वर्षांत होतं, फी कमी, २०२४-२५ पासून तेही एआयसीटीईच्या कक्षेत आलंय, आणि पुढे दोन वर्षांचं एमसीए केलं की बहुतेक दारं उघडतात. घरची ओढाताण असेल तर मी बीसीए-एमसीए किंवा होळकर कॉलेजसारख्या ठिकाणी कॉम्प्युटर सायन्स घेऊन बी.एस्सी. हा मार्ग बिनदिक्कत सुचवते. पण बीसीए आणि लगेच सर्टिफिकेशन, हे मला पटत नाही. भंवरकुआं भागात सहा महिन्यांत एथिकल हॅकर करून देणाऱ्या पाट्या तुम्हीही पाहिल्या असतील. सीईएचसारख्या परीक्षेचं नाव बायोडेटावर बरं दिसतं, एचआरच्या चाळणीतून सुटका होते. ओएससीपी ही परीक्षा खरोखर कस पाहते: जवळपास चोवीस तास समोरच्या मशीनमध्ये शिरायचं, आणि मग अहवाल लिहायचा. पण ती तिसऱ्या वर्षानंतरची गोष्ट, आणि दोन्हींची फी डॉलरमध्ये असते. तोवर फुकटातलं पुष्कळ आहे. ओव्हरदवायरचा बँडिट हा खेळ लिनक्स कमांड शिकायला, कार्नेगी मेलनचं पिकोसीटीएफ सरावाला, एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे तास.

एक कडक सूचना, आणि ती मुलीला तुम्ही नाही, मी दिली असं सांगा. शेजाऱ्यांचं वायफाय, कॉलेजचं रिझल्टचं पोर्टल, मैत्रिणीचं इन्स्टाग्राम, यातलं काहीही परवानगीशिवाय उघडून बघायचं नाही, गमतीनेसुद्धा. आयटी कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीविना शिरणं येतं, आणि ते अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी फक्त बघत होते’ हे पोलिसांपुढे सांगायला फार तोकडं पडतं. आणि या क्षेत्रात पार्श्वभूमीची तपासणी कसून होते. खेळायचं ते स्वतःच्या मशीनमधल्या आभासी मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावर.

काम कसलं असतं? ‘डिजिटल अरेस्ट’वाल्या भामट्यांना पकडायचं, असं नातेवाइकांना वाटतं. ते पोलिसांचं काम. आमच्यातली बहुतेक नवी मुलं सुरुवात करतात ती एसओसीमध्ये, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या निगराणी कक्षात. हजारो मशीनच्या नोंदी एका पडद्यावर येतात, सॉफ्टवेअर संशयास्पद वाटेल तिथे घंटा वाजवतं, आणि ती घंटा खरी की खोटी हे ठरवायचं. बहुतेक खोट्या असतात. पहिले काही महिने हे काम कंटाळवाणं वाटतं, खोटं कशाला बोलू. हल्ली यातला बराच चाळण्याचा भाग एआय करू लागलंय, त्यामुळे नुसतं घंटा बघून तिकीट बनवणाऱ्याची किंमत उतरतेय आणि ‘ही घंटा का वाजली’ सांगणाऱ्याची चढतेय. घटना खरी निघाली की घाई सुरू होते. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ती सहा तासांच्या आत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट २०१८, दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी गेले, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. एटीएममध्ये कार्ड घातलं की विनंती बँकेच्या स्विचकडे जाते, स्विच मुख्य प्रणालीला शिल्लक विचारतो, मग हो किंवा नाही सांगतो. चोरांनी मधे स्वतःचा नकली स्विच उभा केला. तो मुख्य प्रणालीला काही विचारतच नव्हता, सरळ हो म्हणत होता. आता विचार करा, हे कुणाच्या लक्षात यायला हवं होतं? स्विचच्या नेटवर्कमध्ये नवं मशीन बोलू लागलं हे ज्याला दिसलं असतं त्याच्या. पैसे निघताहेत पण मुख्य प्रणालीत नोंद नाही, हे ताळेबंद जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या. आमच्या कामाचा मोठा भाग असाच असतो: पैसे किंवा माहिती कुठून कुठे जाते ते इतकं बारकाईने माहीत असायला हवं, की वाट बदलली तर खटकावं.

एसओसीशिवाय इतर वाटाही आहेत. कंपनीने सांगितल्यावरून तिचीच प्रणाली फोडून अहवाल देणं, सॉफ्टवेअर बनत असतानाच त्यातले दोष शोधणं, गुन्ह्यानंतर डिस्क तपासणं, आणि नियम-ऑडिटचं काम. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून हे शेवटचं वाढतंय, कारण त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे आणि संचालक मंडळं खडबडून जागी झालीत. या सगळ्या वाटांवर एक गोष्ट सारखी लागते, ती म्हणजे इंग्रजीत स्वच्छ, छोट्या वाक्यांत अहवाल लिहिणं. घरी मराठी, बाहेर हिंदी, पुस्तकात इंग्रजी अशी आपली मुलं बोलायला पटाईत असतात, लिहायला कचरतात. पहिल्या वर्षापासून केलेल्या प्रत्येक प्रयोगाचं अर्धं पान लिहायची सवय लावा.

‘मुलीच्या जातीला’ हा तुमचा प्रश्न. माझ्या टीममध्ये मुली आहेत, रात्रपाळीही करतात. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत पाळ्या चुकत नाहीत, मुलग्यांनाही. नोकरी घेताना विचारायचं ते गाडी घरापर्यंत सोडते की चौकापर्यंत, आणि पाळीत ती एकटी तर नसेल ना. रात्र नकोच असेल तर सॉफ्टवेअरमधली सिक्युरिटी आणि ऑडिट ही दिवसाची कामं आहेत. आणि इंदूर सोडावं लागेल का म्हणाल, तर सुपर कॉरिडॉरमुळे सॉफ्टवेअरचं काम इथे वाढलंय, पण निव्वळ सिक्युरिटीची मोठी पथकं अजून पुणे, बंगळुरू, हैदराबादकडे जास्त आहेत. पहिली काही वर्षं बाहेर जावं लागण्याची मनाची तयारी ठेवा. मामा पुण्यात आहेतच.

राहिला लॅपटॉप. महागडं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप घेऊ नका, दुकानदार तोच पुढे करेल. पैसा रॅमवर घाला: १६ जीबी, किंवा आता ८ आणि पुढे वाढवायची खाच मोकळी. ५१२ जीबीची एसएसडी. रॅम मदरबोर्डला कायमची जोडलेली नाही ना, हे दुकानातच विचारा. प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा मधल्या श्रेणीतला, आभासी मशीन चालवायची सोय बायोसमध्ये सुरू करता येणारा. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाकायचं, एका आभासी मशीनवर साधं उबुंटू, दुसऱ्यावर डीव्हीडब्ल्यूए किंवा मेटास्प्लॉइटेबल (दोन्ही सरावासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेली), आणि दोघांचं नेटवर्क ‘होस्ट-ओन्ली’ ठेवायचं, म्हणजे ती कमकुवत मशीन घरच्या वायफायवर उघडी पडत नाहीत. काली, म्हणजे हल्ल्याची टूल भरलेलं लिनक्स, नंतर. आणि खरेदीची घाई नको. कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू झालं की विभागातली मुलं काय वापरतात ते बघून सप्टेंबरात घ्या, दिवाळीच्या आधी सवलतीही सुरू झालेल्या असतात.